‘वाटलं’ लिहायचं नाही

ता. ७ जानेवारी

ठके,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तूही ठीक असशील, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तू ठीक नाहीस हे मला ठाऊक आहे. जावयांचा फोन आला तेव्हा तुझ्या बाबांनी नेहमीसारखा तो मोठ्या आवाजावर ठेवला होता, कानाला लावला की त्यांना ऐकू येत नाही. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. सगळं ऐकलं. सातवा महिना लागलाय. अन्नावर वासना नाही. आणि तू जावयांना सांगितलंस की हे बाळ झालं की कुणीतरी बाई ठेवा, मी त्याला हात लावणार नाही, माझ्या हातून एक गेलं ते पुरे झालं.

मी शेंगा सोलत राहिले. किडक्याही चांगल्यात टाकल्या, ते नंतर कळलं.

मी फोन केला की तू कापतेस. आपलं बाळ गेलं तेव्हापासून कापतेयस, साडेतीन वर्षं झाली. माझी तक्रार नाही. पण म्हटलं पत्र लिहू. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, तरी फाडायच्या आधी एखादी ओळ दिसतेच.

माझ्या अक्षराला हसू नकोस. उलट आधीपेक्षा बरं झालंय, कारण ऑक्टोबरपासून मी शिकायला जाते. आता हस. पाळणाघरात मोठ्या बाईंनी नोटीस लावली की नवीन वर्षाच्या तुकड्या सुरू झाल्या की ज्यांच्याकडे बालविकासाचं पहिलं प्रमाणपत्र नाही त्यांनी मुलांना हात लावायचा नाही, फक्त झाडलोट करायची. एकोणीस वर्षं मी मुलांची शी-शू काढली, दात येताना बोटं चावून घेतली, आणि आता कागद नाही म्हणून केरसुणी. मी म्हटलं, देता ना कागद, घेते.

वर्ग आठवड्यातून दोन दुपारी असतो. शिंप्याच्या दुकानावर एक खोली आहे, खाली मशीन सुरू झालं की वरची बाकं थरथरतात. आम्ही अकरा जणी. नऊ जणी तुझ्याहून लहान. एक माझ्या वयाची आहे, ती सगळा तास डुलक्या काढते आणि नाव घेतलं की डोळे न उघडता बरोबर उत्तर देते. माझ्या शेजारी एक पोरगी बसते, ती दिवसभर पेनाचं बटण टिकटिक करते. मी पहिल्याच आठवड्यात तिचं पेन काढून घेतलं होतं. आता तीच माझी बॅग धरते.

शिकवणारी बाई तुझ्या वयाची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मनात मी तिला चष्मेवाली म्हणते, तोंडावर बाई म्हणते. पहिल्या दिवशी तिनं फॉर्म भरून घेतला.

“मावशी, शिक्षण?”

“सातवी.”

“पास?”

“सातवीत बसले होते एवढं नक्की.”

“मुलांबरोबर कामाचा अनुभव?”

“एकोणीस वर्षं. तुमचं वय काय?”

“एकोणतीस.”

“मग कागद मी तुम्हाला द्यायचा की तुम्ही मला?”

हसली. बरी आहे. पण वहीच्या बाबतीत फार कडक.

वहीचं सांगते. आम्हाला प्रत्येकीला एका मुलाचं निरीक्षण लिहायचं असतं, दोन आठवडे, रोज अर्धा तास. मी आमच्याकडची दीड वर्षाची एक मुलगी घेतली, जिला आम्ही सगळ्या चावरी म्हणतो. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘मुलगी चावरी आहे. आईनं लाडावून ठेवलीय असं वाटलं.’ वही परत आली ती लाल शाईनं माखून. चावरीवर रेघ. लाडावूनवर रेघ. वाटलंवर दोन रेघा. खाली लिहिलं होतं, ‘डोळ्यांनी काय दिसलं, कानांनी काय ऐकलं, किती वाजता. तेवढंच.’

मी भांडले. म्हटलं, “बाई, माणसाला वाटणार नाही का?”

म्हणाली, “मावशी, आधी दिसलेलं सगळं लिहून संपवा. मग वाटण्याला किती जागा उरते ते बघू.”

संतापले, घरी येऊन तुझ्या बाबांवर ओरडले. त्यांनी नेहमीप्रमाणे पेपर वर केला. पण दुसऱ्या दिवशी वेळ घालून लिहायला लागले. पाच दिवसांत ती चार वेळा चावली. चारही वेळा आधी कुणीतरी तिच्या हातातली वाटी न विचारता ओढून घेतली होती. त्यातल्या दोन वेळा ते कुणीतरी म्हणजे मी.

तर असं चाललंय. झोपवायच्या खोलीचं काम मी साडेतीन वर्षांपूर्वीच सोडलं ते बाबांनी तुला सांगितलं असेलच. तेव्हापासून मी धुण्याच्या बाजूला असते, चादरी, दुपटी, खेळणी. झोपवायला दुसरी आहे, माझ्याच हाताखाली तयार झालेली. ते असो.

तू जेव. माझ्यावरचा राग जेवणावर काढू नकोस. बाई ठेवण्याचं डोक्यातून काढ, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. कशावरून म्हणते ते विचारू नकोस.

तुझी
आई

&nbsp;

ता. ११ फेब्रुवारी

ठके,

आशीर्वाद. इकडे थंडी कमी झाली, बाबांचा खोकला कमी झाला, बाकी नवीन काही नाही. तुझं उत्तर आलं नाही. बाबांनी जावयांना विचारलं की आईचं पत्र मिळालं का. ते म्हणाले, मिळालं, तिनं कपाटात ठेवलंय, फोडलं नाही.

ठीक. न फोडलेल्या पाकिटात मला हवं ते लिहिता येतं.

जावई बाबांशी बराच वेळ बोलले. चांगला माणूस आहे, पण सगळं फार सावकाश सांगतो, माझा जीव टांगणीला लागतो. आठवा महिना. तू रोज एकच सांगतेस म्हणाले. त्या दिवशी सकाळी कामाला जायच्या घाईत तू बाळाच्या नाकात सर्दीचे थेंब घातलेस आणि एकेकाऐवजी दोन-दोन पडले. त्यानंच झालं, म्हणतेस. डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं होतं की थेंबांचा संबंध नाही, तर म्हणतेस, मग दुसरं काय? दुसरं काहीच झालं नव्हतं. आई होती ना तिच्याजवळ.

आई होती ना तिच्याजवळ. हे त्यांनी सांगितलं आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून दूध तापायला ठेवलं. दूध आधीच तापलेलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर केला. म्हटलं, “बाई, सर्दीचे थेंब, दवाखान्यातून देतात ते. एकाऐवजी दोन पडले तर?” तिनं कुठले ते नीट विचारलं. मला बाटली आठवत होती, पांढरं झाकण. तिनं पुस्तक काढून बघितलं, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोनही केला. मग म्हणाली, “मावशी, ते नुसतं मिठाचं पाणी. दोन काय, चार पडले तरी बाळ शिंकेल, एवढंच.” हे मी तुला लिहून पाठवतेय. शिंकेल, एवढंच.

आता वर्गातलं दुसरं. नववा धडा झाला. झोप.

खरं सांगायचं तर पुस्तक हातात आलं त्या दिवशी मी सगळ्यात आधी नववाच धडा उघडला होता. एक ओळ वाचली आणि मिटलं. तेव्हापासून त्या धड्यापाशी मी रबर लावून ठेवलं होतं, चुकून उघडू नये म्हणून.

बाईंनी बाहुली आणली होती. आतून वाळू भरलेली, चार महिन्यांच्या बाळाच्या वजनाची. डोकंसुद्धा धरलं नाही तर मागे पडतं. म्हणाली, “मावशींनी इतकी वर्षं मुलं झोपवलीत, मावशी दाखवतील.” सगळ्या वळल्या. टिकटिकवाली म्हणाली, “मावशी, फक्त बाहुलीवर ओरडू नका.” मी उठले. बाहुली घेतली. एक हात पोटाखाली गेला, एक मानेखाली, आणि मी तिला पालथं घातलं. मी घातलं नाही, हातांनी घातलं. थोपटायलाही लागले.

बाई रागावली नाही. म्हणाली, “हीच सवय मोडायला आपण जमलोय.” मग तिनं सांगितलं, तान्ह्या बाळाला झोपवायचं ते पाठीवरच. गादी टणक, सपाट. जवळ उशी नाही, मऊ काही नाही. पालथं घातलं की धोका वाढतो, तोंड गादीत रुततं, बाळाला मान वळवता येत नाही. दर वेळी त्यानंच होतं असं कुणी सांगू शकत नाही, पण धोका वाढतो एवढं पक्कं.

डुलक्या काढणारी एकदम जागी झाली. “आमच्या वेळी सगळे पालथंच झोपवायचे. आमची मुलं जगली की.”

बाई म्हणाली, “हो. जी जगली ती आपल्याला दिसतात.”

खाली शिंप्याचं मशीन सुरू झालं. बाक थरथरायला लागलं. मी बाहेर गेले, नळावर तोंड धुतलं, हात धुतले, पुन्हा तोंड धुतलं. टिकटिकवाली बॅग घेऊन आली. मला वाटलं काहीतरी विचारेल. तिनं नळ बंद केला आणि माझ्याबरोबर उभी राहिली. पेन खिशात होतं तिचं, एकदाही वाजवलं नाही.

ते असो.

तुझ्यापाशी एक गोष्ट कबूल करायची आहे. बाळाला घेऊन गेले, सगळे परत आले, तुझ्या घरात बसायला जागा नव्हती. तू भिंतीला टेकून बसली होतीस. कुणीतरी म्हणालं, असं कसं झालं हो एकाएकी? आणि मी म्हणाले, “सर्दी झालेलं लेकरू टाकून कामाला गेली.” मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस.

तुला वाटत असेल की आई फटकळ, दुःखात तोंडाला येईल ते बोलली. जावईही तसंच म्हणतात, आईंचा स्वभावच तसा. स्वभाव म्हटलं की सुटका असते. पण ते मी तोंडाला आलं म्हणून बोलले नव्हते. तेवढं आज लिहिते, पुढचं लिहवत नाही.

थेंबांचं लक्षात ठेव. मिठाचं पाणी.

तुझी
आई

&nbsp;

ता. २२ मार्च

ठके,

पाकिटावर बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलंय ते वाचलंस म्हणूनच हे फोडलं असशील. पोस्टात ज्यांनी ज्यांनी हातात घेतलं त्यांनीही वाचलं असेल. वाचू दे. ‘बाळाला मी पालथं झोपवलं होतं. तुझी काही चूक नव्हती.’ हे आत लिहिलं असतं तर ते तिसरं पाकीट होऊन कपाटात गेलं असतं आणि तुझे दिवस भरत आले आहेत.

बाहेर लिहायची युक्ती माझी नाही. तुझ्या बाबांची. त्यांना मी मंगळवारी सकाळी सांगितलं. ते पेपर वाचत होते. मी सांगायला लागले तसा त्यांनी पेपर खाली केला, पूर्ण ऐकलं, पेपरची घडी घातली, आणखी एक घातली, हातात मावेल एवढी बारीक होईपर्यंत घालत राहिले. मग चप्पल घालून बाहेर गेले. दुपारी आले तेव्हा हातात मोठं पाकीट होतं. माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, “बाहेर लिही. नाहीतर ती फोडायची नाही.” तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मी वाढते, ते जेवतात, स्वतःचं ताट स्वतः धुतात. छत्तीस वर्षांत त्यांनी कधी ताट धुतलं नव्हतं.

आता लिहिते. चष्मेवालीनं शिकवलं तसं लिहिते, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं लिहायला बसले की दोन ओळींत मी स्वतःची बाजू घ्यायला लागते. चार कागद फाडले.

बाळ: नात. वय चार महिने अकरा दिवस.
जागा: मुलीचं घर, आतली खोली.
निरीक्षण करणारी: आजी, पाळणाघरातून रजा घेऊन आलेली.

सकाळी ९.१०. मुलगी कामाला निघाली. रजा संपून तिचा तिसरा दिवस. दारातून म्हणाली, “आई, पाठीवरच झोपव हं, नर्सनं बजावून सांगितलंय.” आजी म्हणाली, “तुला पालथीच झोपवली. मेलीस का?” मुलगी हसली नाही. परत आत आली, बाळाच्या पायाचा मुका घेतला, गेली.

१०.००. बाळानं दूध घेतलं. नाक चोंदलेलं होतं. मध्ये मध्ये सोडून रडत होतं.

११.३०. पाळण्यात पाठीवर ठेवलं. दहा मिनिटांत जागं. उचललं.

१२.१०. पुन्हा पाठीवर. पाच मिनिटांत जागं. उचललं.

१२.४०. पुन्हा. ठेवता ठेवताच रडलं. आजी बाळाला म्हणाली, “गप गं बाई आता, माझे हात भरून आले.”

१.०५. आजीनं बाळाला मोठ्या पलंगावर मऊ गादीवर पालथं घातलं. बाजूला उशी लावली. पाठीवर थोपटलं. बाळ लगेच झोपलं. डावा गाल खाली. उजवा हात डोक्याशी, मूठ उघडी.

१.१५. आजी स्वयंपाकघरात गेली. जेवली. भांडी घासली. एकदाही आत डोकावली नाही.

१.५०. आजी बाहेरच्या खुर्चीत बसली. डोळा लागला.

२.५५. जाग आली. घरात कसलाही आवाज नव्हता. आजीला बरं वाटलं.

हे ‘वाटलं’ मी खोडणार नाही. बाईंना दाखवलं असतं तर त्यांनी खोडलं असतं. पण ते तसंच आहे. आपल्या हाताला मूल कसं झोपतं बघा, असं वाटलं. तू आलीस की सांगणार होते.

३.००. आजी आत गेली. बाळ पालथं. तोंड गादीत. उचललं. अंग सैल. रंग नेहमीचा नव्हता. आजीनं बाळाला उताणं ठेवलं. झबलं खाली ओढून सारखं केलं. उशी काढून खुर्चीवर टाकली. बाळाच्या गालावर चादरीची घडी उमटली होती, ती बोटानं चोळली. गेली नाही. मग आजी ओरडली.

आधी हे सगळं आणि मग ओरडली. हा क्रम मी साडेतीन वर्षं कुणाला सांगितला नाही. शेजारीण धावत आली तेव्हा बाळ उताणं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झोपवलं होतं? मी म्हटलं, उताणं. त्यांनी तसं लिहिलं. तू माझ्या शेजारी उभी होतीस, तू ऐकलंस, आणि विश्वास ठेवलास. मग शोधायला उरलं काय? थेंब उरले. नोकरी उरली. तू उरलीस.

आणि घरात सगळे जमले आणि कुणीतरी विचारलं कसं झालं, तेव्हा मला दिसलं की आता एकेक जण माझ्याकडे वळणार, दिवसभर बाळाजवळ मीच होते. म्हणून मी तुझ्याकडे बोट दाखवलं. स्वतःच्या पोरीकडे. त्यांनी तिकडे बघितलं. मी वाचले. ठके, तू त्या वेळी मान खाली घातलीस ती अजून वर केली नाहीस, आणि मी हे साडेतीन वर्षं बाबांच्या फोनमधून ऐकलं, आणि गप्प राहिले. भांडखोर म्हणून सगळीकडे माझं नाव आहे. जिथे बोलायचं होतं तिथे तोंडाला कुलूप.

परीक्षा झाली. लेखीत सहावा प्रश्न होता, ‘तान्ह्या बाळाला झोपवताना कोणती काळजी घ्याल? पाच मुद्दे लिहा.’ मी लिहिले. पाठीवर. टणक गादी. उशी नाही. चेहरा मोकळा. दर थोड्या वेळानं बघणं. मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी पडले. पाचही मुद्दे मला आले. त्या दुपारी पाचातला एकही नव्हता.

कागद मिळाला. त्यावर माझं नाव छापलंय, पूर्ण, बापाचं आणि नवऱ्याचंही. टिकटिकवालीनं माझा फोटो काढला, म्हणाली, “मावशी, आज तरी हसा.” चष्मेवाली म्हणाली, “मावशी, तुमची वही मी पुढच्या तुकडीला दाखवायला ठेवून घेऊ?” मी म्हटलं ठेवा. चावरीची वही आहे ती. ही दुसरी वही तिला ठाऊक नाही. ही आधी तुझी.

पाळणाघरात मोठ्या बाई म्हणाल्या, आता झोपवायच्या खोलीत परत ये. साडेतीन वर्षं मी त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. तिथली मुलं कशी झोपतात ते मला दिसत नाही, असं स्वतःला सांगत होते. दिसत नव्हतं कारण बघत नव्हते. परवा गेले. तीन तान्ही होती, दोन पालथी. मी दोघांनाही उचलून पाठीवर ठेवलं. एक रडलं. तिथली बाई म्हणाली, “अहो ताई, हे तुम्हीच तर शिकवलंत मला.”

म्हटलं, “हो. आता हे शिक.”

म्हणाली, “पाठीवर झोपत नाहीत हो, सारखी उठतात.”

म्हटलं, “उठू देत. आपण उचलू.”

दुपारभर उचलत होतो. हात भरून आले. ते भरून येण्यानं काही होत नाही, ठके. थोडे दुखतात, मग राहतात. एवढंच होतं ते.

कागद मी का काढला, हे तू विचारशील तर, झाडलोट करूनही माझं पोट भरलं असतं. मला नवव्या धड्यातली ती ओळ कुणाच्या तरी तोंडून ऐकायची होती. पुस्तकात वाचून मिटता येतं. कुणीतरी समोर उभं राहून सांगावं की पालथं घालायचं नसतं, आणि मला नाही म्हणता येऊ नये, हे व्हायला हवं होतं. ते झालं. त्यापुढे मला काय हवंय ते मला ठाऊक नाही.

तुझं बाळ बघायला बोलाव असं मी म्हणणार नाही. माफ कर असंही लिहिणार नाही, तो शब्द मागून घ्यायचा नसतो. तू हे जावयांना दाखव. डॉक्टरांना दाखव. त्यांच्या कागदावर ‘उताणं’ लिहिलंय ते खोटं आहे, मी येऊन सांगायला तयार आहे, कुठेही, कुणासमोरही. त्या दिवशी ज्या ज्या लोकांनी तुझ्याकडे बघितलं त्यांना मी एकेकाला गाठून सांगणार आहे. इथल्या आपल्या शेजारणीपासून सुरुवात केली आहे, तीही त्या दिवशी तुझ्या घरी आली होती. तिनं दार लावून घेतलं. बरोबर केलं.

तुला एवढंच सांगायचंय. बाळ झालं की ते हातात घे. बाई ठेवू नकोस. तुझे हात चांगले आहेत, कधीच वाईट नव्हते, त्या हातांनी फक्त मिठाचे दोन थेंब जास्त घातले आणि जाताना पायाचा मुका घेतला. आणि बाळाला पाठीवर झोपव. हे मी तुला शिकवत नाहीये. हे तू मला दारात उभी राहून सांगितलं होतंस.

पाकिटात एक लाल पेन आहे. चष्मेवालीकडून मागून घेतलं, संपत आलंय, पण एक रेघ ओढण्यापुरती शाई आहे. खाली दोन शब्द लिहिलेत. सवयीनं लिहिलेत, पण डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं तर साडेतीन वर्षांत ते मला कुठे दिसलेले नाहीत. खोडायचे की ठेवायचे ते तू ठरव.

तुझी आई